छातीबरोबर कंबरही मोजा

‘छाती कमी करायला कोणता व्यायाम करू?’ जिममध्ये नवीन आलेला मुलगा हा प्रश्न ट्रेनरला बहुधा निघता निघता, आवाज खाली आणून विचारतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्याला तर चारचौघांत बनियन काढून छातीचं माप द्यायचं असतं. त्याची काळजी ७९ सेंटिमीटर भरतील की नाही ही नसते, छाती कशी दिसेल ही असते. चाळिशीतला नोकरदार सैल शर्ट घालून वेळ मारून नेतो आणि पोहायला जायचं टाळतो.

ट्रेनरचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: पुशअप मार, बेंचप्रेस वाढव. त्यानंतर चार-सहा महिने घाम गाळून एकाची छाती खरोखर सपाट होते, तर दुसऱ्याची होती तशीच राहते आणि पोट उतरल्यामुळे जास्तच उठून दिसते. मेहनत दोघांचीही सारखीच असते. फरक असतो तो कातडीखाली काय वाढलंय याचा.

म्हणून उत्तर आधी सांगून टाकू. वाढ चरबीची असेल तर वजन उतरवून ती कमी होते. स्तनग्रंथीची असेल आणि जुनी झाली असेल, तर कितीही व्यायाम केला तरी ती सहसा जात नाही. बऱ्याच पुरुषांत दोन्ही मिसळलेलं असतं. त्यांना व्यायामाने फायदा होतो, पण काही भाग उरतो. आपण यांतल्या कोणत्या गटात आहोत हे ओळखणं अवघड नाही.

चरबी की ग्रंथी?

प्रत्येक पुरुषाच्या स्तनाग्राखाली थोडी स्तनग्रंथी असतेच. शरीरातल्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा जोर टेस्टोस्टेरॉनच्या तुलनेत वाढला की ती वाढू लागते. यालाच डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात आणि जिममधली मुलं ‘गायनो’. नुसती चरबी साठून छाती मोठी दिसत असेल, तर तो खरा गायनेकोमास्टिया नव्हे.

घरी तपासायचं असेल तर पाठीवर झोपा आणि एक हात डोक्याखाली घ्या. दुसऱ्या हाताचा अंगठा आणि तर्जनी स्तनाच्या दोन कडांवर ठेवून चिमूट हळूहळू स्तनाग्राकडे आणा. स्तनाग्राच्या बरोबर खाली रबरासारखी, किंचित टणक, हलणारी चकती हाताला लागली तर ती ग्रंथी. वाढ नवीन असेल तर ती दाबल्यावर दुखतेही. बोटं मऊ भागातून काही न अडखळता स्तनाग्रापर्यंत पोहोचली, तर तिथे मुख्यतः चरबीच आहे.

चाचणी दोन्ही बाजूंना करा. ग्रंथीची वाढ एकाच बाजूला असू शकते, किंवा एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी. अंगाने जाड माणसाला हाताने नेमकं कळत नाही. तेव्हा अंदाज बांधत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावं. गरज वाटली तर ते सोनोग्राफी करून घेतात.

व्यायाम काय करतो, काय करत नाही

छातीचा व्यायाम केला की छातीवरची चरबी जळते, हा समज चिवट आहे. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंच्या दोन्ही हातांवरची कातडीखालची चरबी मोजून पाहिली गेली. खेळायचा हात वर्षानुवर्षं जास्त वापरलेला आणि घेराने मोठा होता, पण त्यावरच्या चरबीचा थर दुसऱ्या हाताइतकाच निघाला. विहिरीत पोहरा कुठल्याही बाजूने सोडा, पाणी उतरतं ते सगळ्या विहिरीचं. चरबीचंही तसंच. ती कुठून आधी उतरेल हे शरीर ठरवतं, आपण नाही.

मग जोर आणि पुशअप वाया जातात का? नाही. चरबीखाली छातीचा मोठा स्नायू असतो. तो भरला की छातीला आकार येतो, खांदे मागे जातात आणि वरची चरबी कमी लोंबते. मात्र ग्रंथी स्नायूच्या वर असते. ग्रंथी मोठी असताना फक्त छातीचाच व्यायाम वाढवला, तर खालून भरलेला स्नायू तिला पुढे ढकलतो. ‘जिम लावल्यापासून जास्तच दिसायला लागलं’ ही तक्रार बऱ्याचदा इथून येते.

वजन कमी करण्याचा आणखी एक फायदा आरशात दिसत नाही. चरबीच्या पेशींमध्ये अ‍ॅरोमॅटेझ नावाचं विकर असतं. ते पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेन बनवतं. चरबी जितकी जास्त, तितकं हे काम जास्त. लठ्ठ पुरुषाचं वजन उतरलं की टेस्टोस्टेरॉन सुधारतं आणि ग्रंथीला मिळणारं खतपाणी कमी होतं. ग्रंथी नवीन असेल तर याचा उपयोग होऊ शकतो. पण वाढ सुरू होऊन वर्षभर लोटलं की तिच्यात तंतुमय भाग तयार होतो. अशी ग्रंथी मग ना व्यायामाला दाद देते, ना औषधाला.

सुरुवात करण्यापूर्वी

व्यायामाचं वेळापत्रक आखण्याआधी आपण कोणती औषधं घेतो ते पाहा. रक्तदाब, हृदय किंवा यकृताच्या आजारात दिलं जाणारं स्पायरोनोलॅक्टोन, केस गळतीवरचं आणि प्रोस्टेटवरचं फिनास्टेराइड, पित्तावरचं जुनं सिमेटिडीन, मानसिक आजारांवरचं रिस्पेरिडोन, प्रोस्टेटच्या कर्करोगावरची काही औषधं, यांमुळे छाती वाढू शकते. यांतलं कुठलंही औषध परस्पर बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पर्याय बऱ्याचदा असतो.

दुसरं कारण जिममध्येच सापडतं. बॉडी लवकर बनावी म्हणून घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड्स शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतात आणि वृषणांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनवण्याचं काम मंदावतं. छाती पिळदार करायला गेलेल्याच्या स्तनाग्राखाली गाठ येते ती अशी. स्टिरॉइडच्या कोर्ससोबत, म्हणजे ‘सायकल’सोबत, गाठ येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेनची गोळी स्वतःच्या मनाने घेणारेही आहेत. ती औषधाची गोळी आहे, पूरक आहार नव्हे. तिच्यामुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो.

तिसरं कारण दारू. नियमित आणि जास्त दारूने यकृत बिघडतं, वृषणांवर परिणाम होतो आणि वजनही वाढतं. हे तिन्ही रस्ते छातीकडेच येतात. यकृताचा सिरोसिस, मूत्रपिंडाचा जुना आजार, थायरॉइडचं काम वाढणं, वृषणाची गाठ या आजारांतही ग्रंथी वाढू शकते.

पुढीलपैकी काही असेल तर व्यायामाचा प्रयोग करत थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे जा:

• स्तनाग्राच्या बाजूला, मध्यापासून सरकलेली, दगडासारखी कडक गाठ.
• स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्त किंवा पाणी येणं.
• कातडीवर जखम, खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा.
• काखेत गाठ.
• वृषणात गाठ, किंवा वृषणं खूपच लहान असणं.
• काही आठवड्यांत झपाट्याने झालेली वाढ.

स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. एकूण स्तनकर्करोगांत त्यांचा वाटा सुमारे एक टक्का आहे, म्हणजे तो दुर्मीळच. पण ‘बाप्यांना कुठं असलं काही होतं’ या समजापायी तो बऱ्याचदा उशिरा सापडतो.

मुलगा वयात येत असेल तर

आईवडिलांसाठी हा भाग वेगळा सांगायला हवा. वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलांच्या स्तनाग्राखाली थोडी गाठ येते. तेरा-चौदाव्या वर्षी ती जास्त दिसते आणि दुखतेही. संप्रेरकांचा तोल बसला की बहुतेक मुलांची गाठ सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप विरते. तिथे ना औषध लागतं, ना उपास.

वाढीच्या वयातल्या मुलाचं जेवण तोडू नका. वजन जास्त असेल तर शीतपेयं, वेफर्स, रात्री उशिरापर्यंतचा मोबाइल कमी करा आणि त्याला रोज तासभर मैदानावर जाऊ द्या. दोन वर्षांनंतरही गाठ तशीच असेल, सतरा-अठरा वर्षांपर्यंत राहिली असेल, किंवा वयात येण्याची इतर लक्षणं नसताना आली असेल, तर संप्रेरकतज्ज्ञांना दाखवा. पीटीच्या तासाला होणाऱ्या चिडवाचिडवीची बातमी मुलं घरी सांगत नाहीत. मुलगा अचानक वाकून चालू लागला, उन्हाळ्यातही जाड कपडे घालू लागला, तर आपणहून बोला. बोलताना चेष्टा मात्र करू नका, घरातल्या माणसांच्या देखत तर नाहीच.

बारा आठवड्यांचा आराखडा

धोक्याचं लक्षण नसेल आणि वजन जास्त असेल, तर प्रौढ पुरुषाने आधी तीन महिने नीट प्रयत्न करावा. भारतीयांसाठी बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २३ च्या पुढे वजन जास्त, २५ च्या पुढे लठ्ठपणा आणि पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे धोक्याची मानतात. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी असेल किंवा चालताना छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पहिल्या दिवशी तीन आकडे लिहून ठेवा: सकाळी पोट साफ झाल्यावरचं वजन, कंबरेचा घेर आणि स्तनाग्रांच्या पातळीवर छातीचा घेर. टेप शिंप्याचा चालेल. श्वास सहज सोडून माप घ्या. वजन आठवड्यातून एकदा, घेर दोन आठवड्यांतून एकदा. याहून जास्त वेळा मोजलं तर फक्त चिडचिड वाढते.

*चालणं.* पहिल्या आठवड्यात रोज २० मिनिटं, आठवड्यातले पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत सहाव्या आठवड्यात ४५ मिनिटांवर या आणि तिथेच टिका. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. आपण २२५ मिनिटांवर पोहोचतो. सायकल किंवा पोहणं आवडत असेल तर तेही चालेल. धावताना छाती हलते, कापड घासून स्तनाग्रं सोलवटतात. त्यासाठी अंगाबरोबरचा, घाम शोषणारा बनियन घाला आणि स्तनाग्रांना थोडं व्हॅसलिन लावा. छाती करकचून बांधून व्यायाम करू नका, दम कोंडतो.

*ताकदीचे व्यायाम.* आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. यात सगळं अंग आलं पाहिजे:

• बैठका: १० ते १५, तीन वेळा. मांड्यांचे स्नायू शरीरातले मोठे स्नायू. त्यांना कामाला लावलं की जास्त ऊर्जा खर्च होते.
• जोर किंवा पुशअप: ८ ते १२, तीन वेळा. जमिनीवर जमत नसतील तर भिंतीला हात टेकून सुरुवात करा, मग टेबलाला, मग गुडघे टेकून, शेवटी जमिनीवर.
• पाठीसाठी ओढण्याचा व्यायाम: डंबेल, किंवा पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांची पिशवी, कंबरेत पुढे झुकून पोटाकडे ओढायची. प्रत्येक हाताने १०, तीन वेळा.
• प्लँक: २० सेकंदांपासून सुरू करून एका मिनिटापर्यंत.

पाठीचा व्यायाम टाळू नका. छाती लपवण्याच्या सवयीने पुष्कळ पुरुषांचे खांदे पुढे आलेले असतात आणि त्या पोकात छाती आणखी लोंबते. पाठ भरली की माणूस ताठ उभा राहतो. हा बदल वजन उतरण्याच्या आधी दिसतो. सूर्यनमस्कार येत असतील तर सुरुवातीला अंग मोकळं करायला सहा ते बारा घाला.

ताटात काय बदलायचं

व्यायामापेक्षा वजनाचा काटा ताटावर जास्त अवलंबून असतो. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुरे. तीन ते सहा महिन्यांत मूळ वजनाच्या ५ ते १० टक्के, म्हणजे ९० किलोच्या माणसाचं साडेचार ते नऊ किलो. याहून घाई केली तर स्नायू झडतात आणि कातडी सैल पडते. छातीच्या बाबतीत तेच नको आहे.

हिशेब चहापासून करा. दिवसाला सहा कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ५० ग्रॅम साखर आणि जवळजवळ २०० किलोकॅलरी. पुढे तेल. चार माणसांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोजचं ३३ मिलिलिटर होतं. ते निम्म्यावर आणलं तर प्रत्येकाच्या सुमारे १४० किलोकॅलरी वाचतात. या दोन गोष्टींसाठी वेगळा डाएट प्लॅन लागत नाही आणि घरच्या सगळ्यांचंच भलं होतं.

प्रथिनं प्रत्येक जेवणात ठेवा, त्यांनी भूक आवरते आणि स्नायू टिकतात. नाश्त्याला नुसते पोहे खाण्यापेक्षा अर्धी वाटी पोहे आणि वाटीभर मोडाची उसळ, किंवा दोन अंडी. दुपारी दोन भाकऱ्या, घट्ट वरण किंवा पिठलं, पालेभाजी, ताक. रात्री भात कमी, डाळ जास्त, मासे किंवा चिकन खात असाल तर रस्सा कमी तेलाचा. वडापाव, मिसळ, फरसाण कायमचं सोडायला कुणी सांगत नाही, आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणा. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी आणि वेफर्स खाऊन वजन उतरत नाही, हे लक्षात असू द्या.

सोयाबीनबद्दल हमखास विचारलं जातं. सोयाने पुरुषांची छाती वाढते म्हणून वड्या बंद करणारी घरं आहेत. २००८ साली नोंदवलेल्या एका प्रकरणात अमेरिकेतल्या साठ वर्षांच्या एका गृहस्थांची छाती वाढली होती, पण ते दिवसाला जवळजवळ तीन लिटर सोया दूध पीत होते. ते थांबवल्यावर त्रासही थांबला. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नेहमीच्या प्रमाणातल्या सोयाने पुरुषांच्या टेस्टोस्टेरॉनमध्ये किंवा इस्ट्रोजेनमध्ये फरक पडलेला दिसला नाही. वाटीभर वड्यांची भाजी खुशाल खा.

मापं वाचायची कशी?

बाराव्या आठवड्यात वही उघडा आणि कंबर व छाती या दोन्ही मापांकडे एकत्र पाहा.

दोन्ही उतरली असतील तर वाढ मुख्यतः चरबीची होती. आहे तेच आणखी तीन ते सहा महिने चालू ठेवा. छातीवरची चरबी काहींमध्ये अगदी शेवटी उतरते, म्हणून धीर सोडू नका.

दोन्ही तिथेच असतील तर छातीबद्दल अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. ताटात किंवा चालण्यात कुठे सूट घेतली जातेय ते शोधा. थायरॉइडची तपासणी करून घ्यायलाही हरकत नाही.

कंबर चार-पाच सेंटिमीटरने उतरली, वजन उतरलं आणि स्तनाग्राखालचा उंचवटा मात्र तसाच आहे, चिमटीत चकती लागतेय, तर व्यायामाने त्याचं काम केलं आहे. उरली ती ग्रंथी. इथे पुशअपची संख्या दुप्पट करणं किंवा स्वतःला आळशी ठरवणं, दोन्ही चुकीचं.

ग्रंथी उरलीच तर

डॉक्टर आधी कारण शोधतात. औषधांची चौकशी, वृषणांची तपासणी आणि गरजेप्रमाणे टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल, प्रोलॅक्टिन, थायरॉइड, यकृत व मूत्रपिंडाच्या रक्तचाचण्या करतात. सगळ्या चाचण्या सगळ्यांना लागत नाहीत. वाढ नवीन आणि दुखरी असेल तर काही महिने औषध देऊन पाहिलं जातं. जुन्या ग्रंथीला शस्त्रक्रिया हाच उपाय आहे.

त्यात लायपोसक्शनने चरबी काढतात आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात. बहुतेक जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. त्यानंतर काही आठवडे दाब देणारं जाकीट घालावं लागतं. रक्त साकळणं, स्तनाग्र बधिर होणं, मध्ये खळगा पडणं, दोन्ही बाजू सारख्या न दिसणं हे धोके सर्जनकडून आधीच समजून घ्या. काढलेला भाग तपासणीला पाठवणार का, हेही विचारा. सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का ते पाहा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. विमा कंपन्या ही शस्त्रक्रिया बऱ्याचदा सौंदर्योपचारात धरतात, म्हणून विम्याची चौकशी आधीच करा. ‘महिनाभरात छाती सपाट’ म्हणणारी क्रीम, पट्टे आणि चूर्ण यांच्यावर पैसे घालवू नका.

शस्त्रक्रिया ठरली तरी व्यायाम सोडायचा नाही. वजन काही महिने स्थिर असलेल्या माणसाची शस्त्रक्रिया जास्त चांगली होते, कारण सर्जनला किती काढायचं ते नेमकं दिसतं. ऑपरेशननंतर वजन पुन्हा वाढलं किंवा स्टिरॉइड पुन्हा सुरू झालं, तर छातीही पुन्हा वाढू शकते. सैन्यात किंवा पोलिसांत जायचं असेल तर हा विचार भरतीच्या महिनाभर आधी नव्हे, वर्षभर आधी करा. जखम भरायला, सूज उतरायला आणि पुन्हा मैदानी सराव सुरू करायला तेवढा वेळ हाताशी हवा.

आणि सगळं तपासून काही आजार नाही, दुखत नाही, तुम्हालाही त्याचं फारसं काही वाटत नाही असं असेल, तर काहीही न करणं हाही योग्यच निर्णय आहे. छाती आहे तशी राहू दे, कंबर मात्र ९० च्या आत ठेवा.